मेणाचे नाक आणि शल्यविद्येची योग्या

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सराफांची पेठ. सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे आल्यापासून तेथील एका कारागिराच्या बैठकीपाशी मी अधूनमधून थांबतो. हाताखाली शिकणाऱ्या पोराला तो एकदम सोने देत नाही. आधी मेण, मग पितळेची तार. वास्तविक सोने बिघडले तर गाळून पुन्हा घेता येते. जो देह गाळून पुन्हा घडविता येत नाही, त्यावर शिकाऊ शल्यवैद्याने पहिला छेद घ्यावा तरी कसा, हा प्रश्न मला त्या बैठकीपाशीच सुचला.

प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. ‘योग्यासूत्रीय’ असे त्याचे नाव. योग्या म्हणजे सराव. शिष्याने सारे शास्त्र आत्मसात केले तरी गुरूने त्याच्याकडून योग्या करवून घ्यावी, असा तेथे दंडक आहे. छेद घेण्यास कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी; भेदण्यास पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी; खरवडण्यास केसांसकट ताणलेले चामडे; शीर वेधण्यास मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ; सळईने शोध घेण्यास किडीने पोखरलेले लाकूड; टाके घालण्यास जाड वस्त्र आणि मऊ कातडे. पट्ट्या बांधण्यास तर माणसाची सबंध प्रतिकृती सांगितली आहे. ही निवड पाहून मन थक्क होते. कमळाचा देठ बोटांखाली कसा निसटतो, हे ज्याने अनुभवले असेल त्यालाच तो शिरेच्या जागी सुचेल.

नुसता ग्रंथ जाणणारा आणि नुसता हात चालविणारा, या दोघांनाही सुश्रुताने एका पंखाच्या पक्ष्याच्या पंक्तीस बसविले आहे. दुर्दैवाने आपल्याकडे पुढे हे दोन पंख वेगळे झाले. ग्रंथ वैद्यांच्या घरी राहिला आणि शस्त्र कारागिरांच्या हाती गेले.

त्या कारागिरांच्या हातात काय होते, हे पुण्याजवळच्या एका प्रसंगावरून कळते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्याने त्याला नवे नाक बसविले. ही हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. कावसजीचे नाव तीत आहे, ही क्रिया पाहिलेल्या दोघा इंग्रज वैद्यांची नावे आहेत. ज्याने नाक बसविले त्याचे मात्र नाही. असो. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा. भोवती रेघ ओढून तेवढीच कातडी सोडवायची, पण दोन भुवयांमधला एक चिंचोळा पट्टा तोडायचा नाही, कारण रक्त त्यातूनच पोहोचते. म्हणजे शस्त्र लागण्यापूर्वी सबंध नाक मेणात एकदा घडून गेलेले असे. हीच रीत वाचून कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली.

आता अलीकडे येऊ. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि आपल्याकडे या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. रुग्णाला ती सुखाची. शिकणाऱ्याला मात्र विलक्षण अवघड. हात डावीकडे नेला की पोटातले टोक उजवीकडे जाते, खोली पडद्यावर कळत नाही, बोटांना स्पर्श नाही. अशा हाताला भोपळा पुरेना. म्हणून सिम्युलेटर आला: खऱ्या हत्यारांसारख्या मुठी, समोर पडद्यावर संगणकाने रचलेले आभासी उदर, आणि वेळ, चुका, टोकाचा वायफळ प्रवास हे सारे मोजणारे यंत्र. अमेरिकेतील येल विद्यापीठात सोळा शिकाऊ शल्यवैद्यांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आभासी सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचा अथवा भलतेच ऊतक भाजण्याचा संभव पाचपट होता. वेळेपेक्षा हा दुसरा आकडा मला मोलाचा वाटतो, कारण ते पित्ताशय कोणाचे तरी असते.

यंत्राला अर्थात भय नाही. रक्त अचानक उसळले म्हणजे माणसाचे जे होते, ते पडद्यापुढे होत नाही. शिवाय यंत्रखरेदीच्या फायली मी आजवर पुष्कळ हाताळल्या आहेत. महागडे यंत्र येते, त्याचे उद्घाटन होते, आणि किल्ली कोणाकडे आहे हे पुढे कोणालाच ठाऊक नसते.

गेल्या वर्षी माझ्या मातोश्रींचे पित्ताशय असेच काढावे लागले. मदतीस असलेल्या तरुण डॉक्टरांना मी, थोड्या संकोचानेच, सराव कोठे केलात म्हणून विचारले. ते हसले. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन भोके पाडून, आत मोबाईलचा कॅमेरा लावून त्यांनी घरीच रात्री-रात्री टाके घातले होते. कशावर, असे विचारता म्हणाले, “प्रथम कापडावर, मग केळीच्या सालीवर.”