दप्तर आणि भिंत : ब्रुक्स, पार्नास आणि वीस वर्षांनंतरची कबुली

१/ १९६०च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रचंड कार्यप्रणालीची बांधणी सुरू होती. प्रमुख होते फ्रेडरिक ब्रुक्स. प्रत्येक प्रोग्रामरला संपूर्ण प्रणालीची माहिती असावी, असा त्यांचा आग्रह होता.

२/ त्यासाठी एक सामायिक दप्तर ठेवले गेले. सहा महिन्यांत त्याची जाडी पाच फुटांवर गेली. रोज सुमारे १५० बदललेली पाने येत आणि ती आपापल्या प्रतीत लावावी लागत. अखेर कागद सोडून मायक्रोफिशचा आश्रय घ्यावा लागला.

३/ डिसेंबर १९७२. डेव्हिड पार्नास यांनी एका छोट्या उदाहरणावर बोट ठेवले. ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द चक्राकार फिरवायचे आणि तयार झालेल्या सर्व ओळी वर्णानुक्रमे लावायच्या. हा प्रोग्राम त्यांनी दोन प्रकारे विभागून दाखवला.

४/ पहिली विभागणी कामाच्या टप्प्यांनुसार होती. तीत ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत, हे जवळजवळ प्रत्येक भागाला ठाऊक असावे लागे. साठवण बदलली की सगळेच भाग बदलावे लागत.

५/ दुसऱ्या विभागणीत साठवणीची पद्धत एकाच भागाला ठाऊक होती. इतरांनी त्याच्याकडे फक्त मागणी करायची. बदल त्या भिंतीआडच राहिला. निकष स्पष्ट झाला : जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एका भागात झाकून ठेवावा.

६/ नॉर्वेतील डाल आणि न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेने माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधणारा ‘क्लास’ आधीच दिला होता. त्याची भिंत कुठे असावी, याचे उत्तर पार्नास यांच्या निकषात होते.

७/ ब्रुक्स यांना मात्र ते पटले नाही. ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) या ग्रंथात त्यांनी लिहिले की ही रचना उत्तम खरी, पण ती निर्दोष उतरेल यावर विसंबणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

८/ १९९५ साली त्याच ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. तीत ब्रुक्स यांनी आपली चूक आणि पार्नास यांचे म्हणणे दोन्ही मोकळेपणाने मान्य केले. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत तोच विचार मूर्त झाला आहे, हेही त्यांनी नोंदवले.

९/ आज ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द लिहिला की भाषा स्वतःच दार लावून घेते. दाराआड कोणता निर्णय ठेवायचा, हे मात्र १९७२ प्रमाणेच लिहिणाऱ्याला ठरवावे लागते.