निजेचा हिशेब

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण जिने कुणी रचली असेल, ती पन्नाशीतली बाई खचित नसावी. राबलेल्या देहाला धोंड्यावरही झोप लागते, हे तरुण वयाला खरे आहे. पाळी गेल्यानंतरची कित्येक वर्षे मात्र अशी असतात की, देह धोंडे वाहून आल्यासारखा थकतो आणि मऊ गादीवरही नीज येत नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास अंगातून उष्णतेची लाट उठते, घामाने पोलके भिजते, मागोमाग थंडी वाजते. आणि घराला जाग येण्याच्या वेळी कुठे डोळा लागतो. घरात या दुखण्याला नाव नाही. ‘आता वयच झालं,’ एवढ्यावर विषय मिटतो. पण या बिननावाच्या थकव्यालाही इतिहास आहे, आणि तो चाळून पाहण्यासारखा आहे.

आपल्या जुन्या वैद्यकाने या वयाची नोंद घेतलेली आहे. स्त्रीचा ऋतुस्राव बाराव्या वर्षी सुरू होतो आणि पन्नाशीला थांबतो, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. तो जरेचा स्वाभाविक परिणाम. निराळी व्याधी नव्हे. चरकसंहितेने तर आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराचा आधारखांब मानले, आणि निद्रानाशाच्या कारणांत कामाचा व्याप, वय, रोग, प्रकृती व वायू ही सारी गणली. उपाय म्हणून अभ्यंग, स्नान, दूध, मनाला सुख देणाऱ्या गोष्टी सांगितल्या. झोप न येणाऱ्याला म्हशीचे दूध हितकर म्हटले. आमच्या आज्या जायफळ उगाळून दुधात घालीत आणि तळपायाला तूप लावून काशाची वाटी घाशीत. त्यांनी चरक वाचला नव्हता. पण परंपरा पोथीवाचून चालते ती अशी.

युरोपात या अवस्थेला आजचे नाव मिळाले ते १८१६ साली. गार्दान या फ्रेंच वैद्याने आपल्या पुस्तकात तिच्यासाठी एक नवा शब्द घडवला, आणि १८२१ साली तो आटोपशीर करून ‘मेनोपॉज’ असा रूढ केला. १८५७ साली लंडनच्या एडवर्ड टिल्टने या वयावर इंग्रजीत एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नाव मिळाले, ग्रंथ झाले. परंतु नाव मिळण्याबरोबर ही अवस्था दुखणेही होऊन बसली.

विसाव्या शतकात रसायनशास्त्र पुढे सरसावले. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे स्त्रीदेहातला एक अंतःस्राव शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले औषध अमेरिकेच्या बाजारात आले. १९५३ साली न्यूयॉर्कच्या कुपरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वयातल्या तक्रारींची एक गुणपत्रिकाच तयार केली. अकरा तक्रारी, प्रत्येकीची तीव्रता शून्य ते तीन. शिवाय उष्णतेच्या लाटांना चौपट वजन, निद्रानाशाला दुप्पट आणि थकव्याला एकपट. एकूण ५१ गुणांपैकी थकव्याच्या वाट्याला फार तर ३! आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्यासारखीला या वाटणीचे नवल वाटते. जो त्रास चारचौघांत दिसतो त्याला गुण अधिक; जो बाई मुकाट्याने गिळते त्याला कमी.

पुढे १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरचे पुस्तक गाजले. स्त्रीने हे औषध जन्मभर घ्यावे आणि तरुण राहावे, असा त्याचा एकूण सूर. त्यामागे औषध-कंपनीचा पैसा होता, हे पुढे उघड झाले. १९७५ साली या औषधाचा संबंध गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी दिसून आला, तेव्हा जोडीला दुसरा अंतःस्राव देण्याची पद्धत पडली. मग जुलै २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवर चाललेली अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन्ही औषधे घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांत वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ आणि पक्षाघाताच्या ८ रुग्णा अधिक आढळल्या. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग मात्र ५ ने कमी झाले. या बातमीने घबराट उडाली आणि असंख्य स्त्रियांनी औषध टाकून दिले. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे, हे शांतपणे सांगितले गेले ते मागाहून. आधी सर्वांना द्यायचे, मग कुणालाच नको. या दोन टोकांच्या मध्ये एकेक बाई असते, हे विसरले गेले.

१९७५ सालीच मार्शा फ्लिंट या अभ्यासिकेने राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ रजपूत स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्यात तक्रारी फारच थोड्या होत्या. पाळी गेली की पडदा सुटे, पुरुषमंडळींत बसता येई. आपल्याकडेही ‘बाजूला बसणे’ संपले, सोवळ्याओवळ्याची कटकट गेली, म्हणून ‘सुटले बाई एकदाची’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या होत्याच. मान मिळाला की दुःख हलके होते, हे खरे. पण त्या रात्री स्वस्थ झोपत होत्या की झोपेविषयी बोलायची चाल नव्हती, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कारण आजही आपण विचारतोच कुठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पण हा आकडा १५ ते ४९ वयाचा. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. म्हणजे थकवा वाढू लागतो त्या उंबरठ्यावर मोजणी थांबते. मूल होण्याचे वय संपले की बाई हिशेबातूनही जाते. कामातून मात्र जात नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणे घरकाम करणारी स्त्री दिवसाकाठी त्यात २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७.

आजचे वैद्यक पूर्वीपेक्षा शहाणे झाले आहे. थकव्याच्या मुळाशी रक्तक्षय आहे की थायरॉइडचा विकार, हे साध्या तपासणीने कळते. या वयात घोरणे व झोपेत श्वास अडणे वाढते, त्यावरही उपचार आहेत. ठरल्या वेळी उठणे, झोप आली तरच अंथरुणावर जाणे, अशा सवयींची शिस्तबद्ध उपचारपद्धती गोळ्यांपेक्षा टिकाऊ ठरली आहे. लाटा सोसवत नसतील, तर अंतःस्रावांचे उपचार तिचे वय व प्रकृती पाहून देता येतात. २०२३ साली अमेरिकेत अंतःस्राव नसलेले एक नवे औषधही मान्य झाले.

हे सगळे दाराशी आले, तरी दार उघडायला कुणी तरी लागते. ‘तुला रात्री झोप लागते का गं?’ हा प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर ऐकल्यावर सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणी तरी टाकला पाहिजे. दोनशे वर्षांत या वयाला नाव मिळाले, औषध मिळाले, गुणपत्रिकाही मिळाली. विसावा अजून मिळायचा आहे.