हळू उडण्याची शर्यत

विमानांची शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते : वेग. जो आधी पोचला तो जिंकला, विषय संपला! पण १९२९ ते १९३४ या काळात युरोपात विमानांची अशी एक स्पर्धा चार वेळा भरली, जिच्यात सगळ्यात हळू उडून दाखवण्याचेही गुण मिळायचे. पंख पटकन मिटता आले तर गुण, इंजिन झटक्यात सुरू झालं तर गुण, पेट्रोल कमी प्यायलं तर गुण. आणि हे सगळं झाल्यावर अख्ख्या युरोपाला प्रदक्षिणा घालून यायचं, तेही वेळेत.

स्पर्धेचं नाव 'शालाँज अँतरनास्योनाल द तुरिझ्म', म्हणजे पर्यटनाच्या विमानांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. आपण नुसतं 'चॅलेंज' म्हणू. भरवणारी संस्था एफएआय, म्हणजे जागतिक हवाई क्रीडा महासंघ. पहिली स्पर्धा १९२९ मध्ये पॅरिसला झाली. नियम असा की ज्या देशाचा वैमानिक जिंकेल त्या देशाने पुढची स्पर्धा भरवायची. १९२९ ला जर्मनीचा फ्रिट्झ मोर्त्सिक जिंकला, म्हणून १९३० ची स्पर्धा बर्लिनला. तीही मोर्त्सिकनेच जिंकली, म्हणून १९३२ ची पुन्हा बर्लिनला. आणि १९३४ ची? ती वॉर्साला झाली. ती तिथे कशी गेली, ती आजची गोष्ट.

आधी हे हळू उडण्याचं प्रकरण समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. त्या काळात लोकांना वाटायचं की आज ना उद्या मोटारीसारखं प्रत्येकाच्या दारात छोटं विमान उभं राहणार. मग हौशी माणसाचं विमान कसं हवं? लहानशा मैदानात उतरता आलं पाहिजे, म्हणजे उतरताना वेग कमी हवा. समोर झाडं असली तर त्यांच्यावरून निघता आलं पाहिजे. गॅरेजमध्ये मावलं पाहिजे, म्हणून पंख दुमडता यायला हवेत. आणि प्रवास करायचा तर वेगही हवाच! परीक्षकांनी यातल्या प्रत्येक अपेक्षेची एकेक चाचणी केली. ८ मीटर उंचीच्या अडथळ्यावरून कमीत कमी अंतरात उड्डाण, तसाच अडथळा ओलांडून कमीत कमी अंतरात उतरणं, किमान वेग, इंधनाचा खप, पंखांची घडी, इंजिन सुरू करणं. शिवाय बंद केबिन, शेजारी-शेजारी सीट्स वगैरे सोयींचे गुण वेगळेच.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा एक भला मोठा रिक्वायरमेंट डॉक्युमेंट होता, आणि त्यातल्या रिक्वायरमेंट्स एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. वेगात जायचं तर पंख लहान आणि सडपातळ हवा. हळू उडायचं तर पंख मोठा, फुगीर हवा. दोन्ही एकाच विमानात पाहिजे असेल तर पंखाने उडता उडता आपला आकार बदलला पाहिजे! खिडकीजवळची सीट मिळाली असेल तर तुम्ही हे पाहिलंय. विमान उतरायच्या आधी पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप्स बाहेर येऊन खाली झुकतात, आणि पुढच्या कडेची पट्टी, म्हणजे स्लॅट, पुढे सरकते. हे तंत्र 'चॅलेंज'च्या आधीचं आहे, पण छोट्या विमानांवर त्याचा कस लागला तो या स्पर्धेत.

आता आपले हीरो. १९१८ मध्ये पोलंड सव्वाशे वर्षांनी पुन्हा स्वतंत्र देश झाला. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात स्टानिस्लाव रोगाल्स्की, स्टानिस्लाव विगुरा आणि येझी द्जेव्येत्स्की हे तिघे इंजिनियरिंगचे विद्यार्थी एकत्र आले, आणि त्यांनी विद्यार्थी मंडळाच्या वर्कशॉपमध्ये विमानं बनवायला सुरुवात केली. आडनावांची आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं आरडब्ल्यूडी. (गॅरेज स्टार्टअप ही काही कॅलिफोर्नियाची मक्तेदारी नाही, मंडळी.) त्यांच्यासोबत उडणारा वैमानिक होता पोलिश हवाई दलातला फ्रान्चिशेक झ्विर्को.

१९३२ च्या स्पर्धेसाठी त्यांनी खास विमान बनवलं, आरडब्ल्यूडी-६. पहिलं उड्डाण जून १९३२ मध्ये, आणि स्पर्धा ऑगस्टमध्ये! म्हणजे टेस्टिंगला जेमतेम दोन महिने. इंजिन ब्रिटिश, बाकी डिझाइन घरचं. लाकडी पंख, त्याला स्लॅट्स आणि फ्लॅप्स, बंद केबिन, शेजारी-शेजारी दोन सीट्स. एका सीटवर झ्विर्को, आणि दुसऱ्या सीटवर मेकॅनिक म्हणून कोण? खुद्द विगुरा. ज्याने विमानाची गणितं मांडली, तोच त्यात बसून उडत होता. आपला कोड प्रॉडक्शनला गेल्यावर आपण फार तर रात्री फोन उशाशी ठेवून झोपतो. हा माणूस प्रॉडक्शनमध्येच बसला होता.

समोर होते यजमान जर्मन. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवायला बंदी होती, त्यामुळे तिथली हुशार डोकी खेळाच्या आणि प्रवासाच्या विमानांकडे वळली होती. हाइंकेल कंपनीचं हे-६४ हे त्या स्पर्धेतलं सर्वांत वेगवान विमान, ताशी २४० किलोमीटरच्या आसपास जाणारं. आरडब्ल्यूडी-६ ची मजल २१५ च्या आसपास. नुसती पळायची शर्यत असती तर पोलंडचा काही चान्स नव्हता.

पण किमान वेगाच्या चाचणीत झ्विर्कोने विमान ताशी ५८ किलोमीटरच्याही खाली आणलं. हायवेवर एखादी साधी बाइक त्याच्या पुढे निघून गेली असती! तांत्रिक चाचण्या संपल्या तेव्हा इटलीचा कोलोम्बो ब्रेडा विमान घेऊन आघाडीवर होता आणि झ्विर्को त्याच्या मागोमाग. मग युरोप प्रदक्षिणा सुरू झाली, ७ हजार किलोमीटरहून मोठी : बर्लिन, वॉर्सा, प्राग, व्हिएन्ना, रोम, पॅरिस करत स्वीडनपर्यंत आणि परत बर्लिन. वाटेत ब्रेडा विमानांना अपघात झाले आणि इटालियन संघाने माघार घेतली. आघाडीवरच्यांची आधीची सगळी कमाई एका झटक्यात बाद.

२८ ऑगस्टला शेवटची, कमाल वेगाची चाचणी झाली. जर्मन विमानं वेगवान होती, पण झ्विर्कोच्या गाठीला आधीच्या गुणांची शिदोरी होती आणि ती पुरली. झ्विर्को ४६१ गुण. मोर्त्सिक ४५८. जर्मनीचाच राइनहोल्ड पॉस, तोही ४५८. फक्त ३ गुणांचा फरक! कशात तरी जगात भारी असण्यापेक्षा सगळ्यात बऱ्यापैकी चांगलं असणं जिंकलं. या मुलांनी स्पर्धेचे नियम नुसते वाचले नव्हते, नियमांभोवती विमान विणलं होतं.

पुढचं लिहिणं जड जातं. ११ सप्टेंबर १९३२, म्हणजे विजयानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, झ्विर्को आणि विगुरा त्याच विमानातून प्रागला निघाले होते. चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीत चेर्लित्स्को गावाजवळ वादळाने गाठलं, विमानाचा पंख तुटला, आणि दोघेही गेले. झ्विर्कोला ३७ वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस कमी होते.

इथे मला त्या स्पर्धेतला आणखी एक माणूस आठवतो. रोबर्ट लुसर, जर्मन इंजिनियर आणि वैमानिक. १९२९, १९३० आणि १९३२ या तिन्ही स्पर्धांत तो स्वतः उडला होता. पुढे तो मेसरश्मिटमध्ये गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेल्या व्ही-१ या उडत्या बॉम्बच्या डिझाइनवर त्याने काम केलं. (हजारो निरपराध माणसं त्या बॉम्बने मेली. हे कंसात लिहायची गोष्ट नाही, तरी विषय वेगळा म्हणून कंस.) सुरुवातीला व्ही-१ सारखे बिघडायचे. टीमची समजूत अशी की साखळी तिच्या सगळ्यात कमजोर कडीइतकी मजबूत असते, म्हणून ती कडी शोधा आणि बदला. पण तरी बिघाड थांबेनात. मग गणितज्ञ एरिक पिरुश्काच्या मदतीने खरा हिशोब सापडला : एकापुढे एक असलेल्या सगळ्या भागांच्या भरवशाचा गुणाकार होतो. १०० भाग, प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा, तर अख्खं यंत्र किती भरवशाचं? ९९ टक्के नाही. जेमतेम ३७ टक्के! रिलायबिलिटी इंजिनियरिंगमध्ये याला 'लुसरचा नियम' म्हणतात. आपण सर्व्हरच्या अपटाइमचा हिशोब करतो तेव्हा, नाव माहीत नसलं तरी, हाच नियम वापरतो.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. स्पर्धेत गुणांची बेरीज होते. एका चाचणीत कमी पडलात तर दुसरीत भरून काढता येतं. झ्विर्कोने वेगातली कसर हळू उडण्यात भरून काढली, आणि ते शंभर टक्के न्याय्य होतं. पण आकाशात बेरीज चालत नाही, तिथे गुणाकार असतो. स्लॅट्स उत्तम, इंजिन उत्तम, वैमानिक युरोपात पहिला. यांतल्या कशानेही तुटलेल्या पंखाची भरपाई होत नाही. एक शून्य आलं की सगळं शून्य. आरडब्ल्यूडी-६ वाईट विमान होतं किंवा स्पर्धेने माणसं मारली, असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. पण एक्सेलमध्ये वेटेज लावून आपण व्हेंडर निवडतो, रिलीज 'ग्रीन' ठरवतो, तेव्हा बेरजेचा कागद हातात धरून गुणाकाराच्या जगात उतरत असतो, एवढं लक्षात असलेलं बरं.

पोलंड थांबला नाही. १९३४ ला स्पर्धा वॉर्साला झाली. या वेळी प्रदक्षिणा ९ हजार ५३७ किलोमीटरची, थेट कासाब्लांका, अल्जियर्स, ट्युनिसपर्यंत जाऊन परत. आरडब्ल्यूडीचं नवं विमान आरडब्ल्यूडी-९, आणि या वेळी इंजिनही पोलंडमध्ये बनलेलं. येझी बायान पहिला, त्याचाच देशबंधू प्लोन्चिन्स्की दुसरा. जर्मनांनी त्या वर्षी आणलेल्या विमानांत मेसरश्मिटचं बीएफ-१०८ होतं. त्यातून मिळालेला अनुभव लगेच पुढच्या बीएफ-१०९ या लढाऊ विमानात गेला. फीझलर कंपनीने स्पर्धेसाठी बनवलेल्या विमानाचा अनुभव पुढे 'श्टोर्ख' या हळू उडणाऱ्या लष्करी विमानात उतरला. पर्यटनाची विमानं हळूहळू गणवेश चढवत होती. १९३६ ची स्पर्धा भरलीच नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. बॉम्बहल्ल्यात बायानचा हात जखमी होऊन निकामी झाला. तरी तो ब्रिटनला पोचला आणि तिथून तशा हातानेही लढाऊ विमानं उडवली. स्पर्धेत त्याच्याशी झुंजलेला ओस्टरकांप १९४० मध्ये इंग्लिश खाडीच्या पलीकडे जर्मन लढाऊ विमानांच्या तुकडीचा प्रमुख होता. द्जेव्येत्स्की ब्रिटनमध्ये कारखान्यातून तळावर विमानं पोचवायचं काम करत होता. एकेकाळी एकाच मैदानावर गुण मोजून घेणारी माणसं!

'चॅलेंज' परत कधी झालं नाही, पण त्याचा एक वारस आजही आहे : एफएआयची प्रिसिजन फ्लाइंगची जागतिक स्पर्धा. आता परीक्षा विमानाची नसते, वैमानिकाची असते. छोट्या विमानात तो एकटा. हातात नकाशा आणि घड्याळ. जीपीएस असतो, पण परीक्षकांसाठी मार्ग नोंदवायला. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या सेकंदाला पोचायचं. दोन सेकंदांची सूट, त्यापुढे प्रत्येक सेकंदाला ३ दंडगुण. शेवटी धावपट्टीवर आखलेल्या रेषेवर उतरायचं : एकदा नेहमीसारखं, मग इंजिनची ताकद न वापरता, मग फ्लॅप्सशिवाय आणि एकदा अडथळ्यावरून. आणि या खेळात वर्षानुवर्षं दबदबा कोणाचा असेल? पोलंडचा.

असो. कधी वॉर्साला गेलात, क्लायंट व्हिजिट म्हणून का होईना, तर विमानतळावरून शहराकडे येताना रस्त्याच्या नावाची पाटी बघा. 'झ्विर्की इ विगुरी', झ्विर्को आणि विगुराचा रस्ता. पोलंडमध्ये विमानदिन २८ ऑगस्टला असतो, म्हणजे ते जिंकले त्या दिवशी. तारीख निवडायला ११ सप्टेंबरही होता. त्यांनी २८ ऑगस्ट निवडला, हे मला फार आवडलं.