मल्हाररावांचा खटला आणि आपण

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून मल्हारराव गायकवाडांची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. काही घरांत ते जुलमी राजे, तर काही घरांत इंग्रजांनी घात केलेले आपले महाराज. माझ्या आजोबांकडे पहिली तऱ्हा होती, सासुरवाडीला दुसरी. आर्सेनिक अल्बमची बाटली रोज हाताळणारा मी होमिओपॅथ. सोमलाचा हा खटला वाचू लागलो तो त्या कुतूहलाने. वाचता वाचता लक्ष विषावरून न्यायाकडे वळले.

हकीकत थोडक्यात अशी. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट कर्नल फेअर फिरून आले आणि नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांतच बरे वाटेना, म्हणून उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड आणि मुंबईचे रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे यांनी तो तपासला; सोमल निघाला, हिऱ्याची पूडही असल्याचे मत पडले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली.

चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव हे तीन हिंदी. महाराजांच्या बाजूने सार्जंट बॅलंटाइन विलायतेहून आले. त्यांचा भर साक्षीदारांवर होता. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत आणि रेसिडेन्सीतला हवालदार रावजी या दोघांना माफीचे वचन मिळाले होते. स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचे? शिवाय २ नोव्हेंबरलाच महाराजांनी फेअर यांना बदलावे असा खलिता व्हाइसरॉयकडे धाडला होता. दाद मागितल्यावर आठ दिवसही न थांबता कोणी विष घालील काय, हाही प्रश्न होता.

निकाल तीन विरुद्ध तीन असा झाला. इंग्रजांना आरोप खरा वाटला, हिंदी सभासदांना तो शाबीत वाटला नाही. एप्रिलमध्ये सरकारने महाराजांना पदच्युत केले. कारण मात्र विषाचे दिले नाही, गैरकारभाराचे दिले.

आता गैरकारभार खोटा होता काय? मुळीच नाही. १८७३ च्या कमिशनपुढे रयतेने, सरदारांनी आणि सावकारांनी गाऱ्हाणी मांडली होती. खंडेरावांच्या काळचे दिवाण भाऊ शिंदे कैदेत मरण पावले, तेव्हाही विषाचा संशय होताच. स्वतः मल्हाररावांनी भावाच्या कारकिर्दीत पाद्र्याला कैद भोगली होती. ज्याने कैद सोसली त्याला कैद्याचे दुःख कळावे. यांना ते कळले नाही. पण त्याच गैरकारभाराच्या सुधारणेसाठी सरकारने ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिली होती. ती पुरी झाली नव्हती. एक आरोप टिकला नाही म्हणून दुसरा पुढे केला, हे मला न्यायाचे वाटत नाही. माणूस वाईट आहे हे एक विधान. हा गुन्हा त्याने केला हे दुसरे. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

हे मी सांगतो आहे, पण मीही तेच केले आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्याच्या गल्ल्यातून पैसे जाऊ लागले. पुड्या बांधणारा मुलगा गरीब घरचा. त्याचा थोरला भाऊ एकदा चोरीत सापडलेला. मी कोणाला विचारले नाही, काही मोजले नाही. त्याला चार रोग्यांदेखत काढून टाकले. तो फक्त एवढेच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मोजून तरी बघा." पैसे जातच राहिले. तीन महिन्यांनी कळले, घेणारा माझ्याच घरातला होता. त्याला मात्र मी एकट्याला बोलावून समजावले, पोटाशी धरले. त्या वर्षी क्षमावणीला मुलाच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. शेजारी म्हणाले, वस्ती सोडून गेले. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हते.

मल्हारराव १८८२ साली मद्रासेला वारले. जमनाबाईंनी दत्तक घेतलेल्या सयाजीरावांनी राज्याचे सोने केले, म्हणून आपण तो खटला विसरलो. शेवट गोड झाला की मधला अन्याय पोटात घालायची आपल्याला सवय आहे.

पोळात कोणी पकडला गेला की आपण संध्याकाळपर्यंत निकाल देऊन मोकळे होतो. साक्षीला बोलावले की मात्र कामे आठवतात. मला वाटते, हे उलटे व्हायला हवे. पाहिले असेल तर कोर्टात जाऊन सांगावे, आणि पाहिले नसेल तर गप्प राहावे. जयाजीराव, रामसिंह आणि दिनकरराव हे इंग्रजांशी सलोखा राखणारेच होते. तरीही समोर आलेल्या पुराव्याने आपली खात्री झाली नाही, हे त्यांनी सरकारला लिहून दिले. तेवढे धैर्य मला चार रोग्यांसमोर झाले नाही. तुम्हांला व्हावे, म्हणून हे लिहिले.