समुपदेशन : नेमके कुणाचे?

समुपदेशकाची वेळ घेण्यासाठी येणारा पहिला फोन पुष्कळदा ज्याला घेऊन यायचे असते त्याचा नसतो. दहावीतला मुलगा खोलीचे दार लावून बसतो म्हणून आई फोन करते. सून घरात रमत नाही म्हणून सासरे चौकशी करतात. नवरा चार शब्द बोलत नाही म्हणून पत्नी. मागणी मात्र एकच असते : ‘तुम्ही त्याला जरा समजावून सांगा.’ वस्तू दुरुस्तीला टाकावी आणि संध्याकाळी न्यायला यावे, तशी ही अपेक्षा. ती पुरी होत नाही, आणि मग ‘चार वेळा नेले, काही उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष निघतो. समुपदेशन म्हणजे काय, ते कुणी घ्यायचे आणि कुठे थांबायचे, याची रूपरेषा आधी ठाऊक असेल, तर वेळ, पैसा आणि मुख्य म्हणजे मनस्ताप वाचू शकतो.

शब्दातला उपदेश

घोटाळ्याची सुरुवात शब्दापासूनच होते. ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि उपदेशाचा आपल्याकडे कधीच तुटवडा नव्हता. मामा, आत्या, शेजारचे काका, देवळातले गुरुजी अशी कितीतरी मंडळी ते काम विनामूल्य करीत आली आहेत. एकत्र कुटुंबात मन मोकळे करायला माणसे होती, आता ती उरली नाहीत, असे हल्ली वारंवार म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. माहेरी परतलेल्या मुलीला ‘दिल्या घरी नांदावे’ म्हणून परत पाठवणारीही तीच माणसे होती, हे विसरून चालणार नाही. जवळच्या माणसाचा सल्ला कितीही आपुलकीचा असला, तरी त्या निर्णयात त्याचे स्वतःचे काहीतरी गुंतलेले असते. म्हणूनच असेल, र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ला (१९२७ ते १९५३) वाचक आपल्या अत्यंत खासगी अडचणी पत्राने कळवीत. घरात विचारता न येणारे अनोळखी माणसाला विचारता येते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये समुपदेशनावरील आपल्या ग्रंथात मांडलेली भूमिका आजही या व्यवसायाचा पाया मानली जाते. उत्तर तज्ज्ञाकडे नसते. समोरचा माणूस निर्भयपणे बोलू लागला, की ते त्याचे त्यालाच सापडू लागते, हे त्या भूमिकेचे सार. समुपदेशकाने ऐकायचे, ऐकलेले स्पष्ट करून परत समोर ठेवायचे, आणि निवाडा देण्याचा मोह टाळायचा. ‘आम्ही घटस्फोट घ्यावा का?’ या प्रश्नाला पहिल्याच भेटीत हो किंवा नाही असे उत्तर देणारा समुपदेशक भेटला, तर तिथून उठावे हे बरे.

एकट्याने जाताना

व्यक्तिगत समुपदेशनाच्या पद्धती अनेक आहेत. मराठी वाचकाला त्यांतली एक विशेष जवळची वाटावी : अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याकडून ती आत्मसात केली आणि मराठीतून लिहून इथल्या वाचकांपर्यंत पोचवली. तिचे सूत्र सोपे आहे. घटना आणि भावना यांच्या मधोमध एक विचार उभा असतो, आणि भावनेची तीव्रता घटनेपेक्षा त्या विचारावर अधिक अवलंबून असते.

समजा, बढतीच्या यादीत एखाद्याचे नाव आले नाही. ‘मला बढती हवी होती, ती मिळाली नाही’ या विचारातून दुःख होते, थोडा रागही येतो; पण माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. ‘मला बढती मिळायलाच हवी होती, नाही मिळाली म्हणजे मी कवडीमोल आहे’ या विचारातून मात्र झोप उडते, कचेरीत जाणे नकोसे होते. या ‘च’वर समुपदेशक बोट ठेवतो. हा हट्ट कुठून आला, त्याला आधार काय, तो सोडला तर काय बिघडेल, हे प्रश्न तो पुनःपुन्हा विचारतो आणि दोन भेटींच्या मधल्या आठवड्यासाठी चक्क गृहपाठ देतो. भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. अशा उपचाराला बहुधा दहा-पंधरा भेटी लागतात, आणि गृहपाठ न करणाऱ्याला त्याहून अधिक. हे ‘सकारात्मक विचार करा’ या छापाच्या व्याख्यानांपासून फार वेगळे आहे. दुःख होऊच नये, अशी एलिस यांची अपेक्षा कधीच नव्हती.

दोघांचे भांडण, तिसऱ्याची खुर्ची

दाम्पत्याचे समुपदेशन सर्वांत अवघड. कारण दोघेही साक्षीदार मिळावा म्हणून आलेले असतात. कोण चूक हे तिसऱ्या माणसाने एकदा सांगून टाकावे, एवढीच दोघांची इच्छा असते. समुपदेशकाचे लक्ष मात्र भांडणाच्या विषयापेक्षा भांडण्याच्या रीतीकडे असते. जोडप्यांच्या संवादाचा अनेक वर्षे अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक जॉन गॉटमन यांनी नाते पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या आहेत : टीका, तुच्छता, सतत बचावाचा पवित्रा आणि अबोला. तक्रार आणि टीका यांतला त्यांनी दाखवलेला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘तू आज गॅस बंद करायला विसरलास’ ही तक्रार. ‘तुला घरातल्या कशाचीच फिकीर नसते’ ही टीका. पहिलीला उत्तर देता येते. दुसरीला देता येत नाही, कारण ती कृतीवर नसून माणसावर असते. चौघांत सर्वांत घातक तुच्छता. आणि अबोला? आपल्याकडे तर त्याला समजूतदारपणा समजण्याची चाल आहे.

न्यायालयाची पायरी चढलेल्यांनाही समुपदेशक भेटतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार, समेटाची शक्यता असेल तिथे त्यासाठी आधी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि न्यायालयाला समुपदेशक जोडून देण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र ते समुपदेशन आणि खासगी समुपदेशन यांत फरक आहे. मुलाच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाने न्यायालयाला दिलेला मुलाविषयीचा अहवाल मध्यस्थीच्या गोपनीयतेत मोडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तिथे बोलताना हे माहीत असलेले बरे.

एका बाबतीत तडजोडीला जागा नाही. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर नवरा-बायकोला शेजारी बसवून ‘दोघांनीही थोडे थोडे बदला’ असे सांगणे हे समुपदेशन नव्हे. खोलीत बाई जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. अशा वेळी पहिली गरज सुरक्षिततेची असते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला तो याच जाणिवेतून. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही उपलब्ध आहे. ‘आधी समुपदेशन, मग तक्रार’ असा कोणताही क्रम कायद्याने घालून दिलेला नाही.

पालक : आणणारे आणि यायला हवे असलेले

मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांना बहुधा बाहेर बसण्याची तयारी असते. आत येण्याची नसते. लहान मुलांच्या वर्तनाच्या तक्रारींत मात्र समुपदेशकाचे बरेचसे काम आई-वडिलांबरोबरच चालते. मूल आठवड्यातून एक तास समुपदेशकापाशी असते आणि उरलेला वेळ घरात. नेमून दिलेल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे फक्त मुलाच्या मर्जीने खेळणे, चांगल्या वागण्याची तिथल्या तिथे नेमकी दखल घेणे, सूचना एका वेळी एकच देणे, आणि आईने नाही म्हटल्यावर बाबांनी हो न म्हणणे. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टींचेच प्रशिक्षण पालकांना दिले जाते. निकालाच्या दिवसांत तर मुलाइतकीच पालकांनाही धीराची गरज असते. गुणांच्या तुलनेत घायाळ झालेले वडील मुलाला सावरणार कसे? ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. आई निर्दोष असण्याची मुलाला गरज नसते. थोडे चुकणारी, चुकून सावरणारी आई मुलाला जगाशी जुळवून घ्यायला शिकवते. परिपूर्ण पालकत्वाच्या धास्तीने पोखरलेल्या आजच्या आई-वडिलांना याहून मोठा दिलासा क्वचितच मिळेल.

ज्यांच्या घरात दीर्घकाळचा मानसिक आजार किंवा व्यसन आहे, त्यांचे दुःख आणखी निराळे. तिथे स्वमदत गट अनेकदा तज्ज्ञाइतकाच उपयोगी पडतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. नवऱ्याच्या पिण्याला आपणच जबाबदार, हे वर्षानुवर्षे मनात घेऊन बसलेली बाई तिथे आपल्यासारख्या दहा जणींना पाहते. स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या नातलगांसाठी पुण्यातच ‘सा’ ही संस्था काम करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या आयपीएच संस्थेने ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रुळवला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

कुणाकडे जावे?

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमानंतरही लागलेली दिसते. तेव्हा शिक्षण कोणते, अनुभव किती, आपल्या अडचणीसारखी प्रकरणे हाताळली आहेत का, शुल्क किती, हे पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे. जाणकार माणसाला त्याचा राग येत नाही. झोप आणि भूक पार हरपली असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे. समुपदेशन त्याच्या जोडीने चालते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि न्यायालयाचा आदेश असेल तेव्हा. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने सर्वांवरच बंधनकारक केले आहे. हे अपवाद चांगला समुपदेशक आरंभीच सांगतो. मुलाने खोलीत काय सांगितले, हे मात्र तो पालकांना शब्दशः सांगत नाही, आणि फी आपण भरतो म्हणून तसा आग्रह धरण्यातही अर्थ नाही.

खर्चाची अडचण खरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, बहुतेक मानसिक विकारांत उपचारांची गरज असलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपर्यंत पोचलेच नसल्याचे आढळले होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मानसोपचार विभागात ही सेवा अल्प शुल्कात मिळते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. फोनवर नाव सांगण्याची सक्ती नसते.

आणि ज्याच्यासाठी वेळ घेतली तो यायलाच तयार नसेल तर? तर ती वेळ रद्द करू नये; ज्याने फोन केला त्याने एकट्याने जावे. रुसलेल्या मुलाची आई, पिणाऱ्या नवऱ्याची बायको, अबोला धरलेल्या बायकोचा नवरा यांच्यापाशीही सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यांना तोवर ते कुणी विचारलेले नसते.