बंडगार्डनमधला ‘बंड’

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीची जुनी बारव पाहिली, की पाण्यासाठी दिलेले दान किती टिकते ते कळते. पुण्याच्या बंडगार्डनमध्ये फिरताना याची पुन्हा आठवण होते.

या नावातल्या ‘बंड’चा बंडखोरीशी संबंध नाही. बंड म्हणजे बंधारा. पुण्याला पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुळा-मुठेवर तो बांधला गेला. खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जीजीभाय यांनी उचलला. जे. जे. रुग्णालयामुळे मुंबईकरांच्या तोंडी त्यांचे नाव आजही आहे. पुणेकरांना मात्र हे ऋण क्वचितच आठवते.

बागेतून काठाकाठाने जाणारी वाट सपाट आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपेल अशी. जवळच १८६७ सालचा दगडी कमानींचा फिट्झगेराल्ड पूल आहे. पुलाला गव्हर्नरचे नाव मिळाले, बागेला पुढे महात्मा गांधींचे. ज्याने पाण्यासाठी थैली सैल केली, त्याचे नाव मागे पडले.

आणि ते पाणी? सांडपाण्यामुळे आज ते ओंजळीतही घेववत नाही. फिरायला जरूर जावे. पण आधी पाणी होते, बाग नंतर आली, एवढे विसरू नये.