हार्वर्डमधील सक्ति आणि निवड

इ. स. १८६९ मध्यें ३५ वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स एलियट अमेरिकेंतील हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्या वेळीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास ग्रीक, लॅटिन व गणित चुकत नसे. एलियट यांनीं ४० वर्षांच्या कारकीर्दींत ही सक्ति पायरीपायरीनें मोडली. शतक सरतांना इंग्रजी लेखनावांचून सक्तीचें जवळजवळ कांहींच उरलें नाहीं. विद्यार्थ्यानें आपला मार्ग आपण निवडावा, हें त्यांचें तत्त्व. तें उदात्त खरें, आणि त्यामुळेंच शास्त्रें व अर्वाचीन भाषा यांना मानाचें पान मिळालें. परंतु १८ वर्षांचा मुलगा पुष्कळदां विषय न निवडतां सोईची वेळ निवडतो! १९०३ सालीं विद्यापीठाच्याच समितीला विद्यार्थ्यांचा अभ्यास फार तुटपुंजा आढळला.

त्या समितींतले लॉवेल १९०९ मध्यें अध्यक्ष झाले. त्यांच्या नव्या नियमाप्रमाणें १६ अभ्यासक्रमांपैकीं निदान ६ एकाच क्षेत्रांत व ६ इतर ज्ञानशाखांत वांटून घ्यावे लागत. उरलेले विद्यार्थ्याच्या मर्जीवर. या वांटणीचा कित्ता पुढें अमेरिकेंतील पुष्कळ कॉलेजांनीं गिरविला. एलियट १९२६ पर्यंत हयात होते. आपण पाडलेल्या कुंपणाच्या जागीं उभें राहिलेलें हें नवें कुंपण त्यांना पाहावें लागलें.